निरोप

त्या पोरीच्या निरोपाच्या प्रार्थनेला मी गेले नाही, हे आधीच सांगून टाकते. तिची आई दोनदा बोलवायला आली होती. एकदा पालघरला उपासना सुटल्यावर आणि एकदा खास रिक्षा करून शिरगावला, आमच्या घरी. मी म्हटलं, गुडघा फार दुखतोय गं. दुखत होता हे खोटं नाही. पण त्याच आठवड्यात विरारच्या उज्जीवन सभेत बोलायला मी दोन जिने चढून गेले होते.

पोर बहरैनला चालली होती. नर्स म्हणून, पगारावर, दोन वर्षांच्या करारावर. माझ्या लेखी तेवढाच तिचा गुन्हा.

माझं स्वतःचं शिक्षण मिरजेला झालं, मिशनच्या दवाखान्यात. कॅनडाहून आलेल्या विल्यम वॉन्लेस या डॉक्टरांनी १८९४ साली उभा केलेला दवाखाना तो. ड्युटीआधी प्रार्थना आणि बेडपॅन नीट धुतलं नाही तर मेट्रनबाईंची बोलणी, दोन्ही सारख्याच गांभीर्याने व्हायचं. पुढे सरकारी नोकरी लागली. लग्न झालं. मिस्टर तारापूर एमआयडीसीत, म्हणून बदली मागून इकडे आले आणि इथलीच झाले. शेवटची काही वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. निवृत्तीनंतरचं घर शिरगावला. मागे सुरूची झाडं, पलीकडे समुद्र, आणि पाहुणे आले की किल्ल्यातला तो फांद्या फुटलेला ताड दाखवायला न्यायचं.

नोकरीच्या जोडीने माझं दुसरं एक काम चालायचं. मंडळ्यांमधून, तरुण संघांच्या शिबिरांतून, नर्सेसच्या प्रार्थना सभांतून मी बोलायची. विषय एकच. ख्रिस्ती डॉक्टर, नर्स, लॅबवाले, औषधवाले, या सगळ्यांना देवाचं पाचारण आहे आणि त्यांनी जगाच्या पाठीवर जिथे कोणी जात नाही तिथे जायला हवं. नेपाळ, आफ्रिका, मध्य आशिया. भाषण संपत आलं की पेटीवाला हळू सूर धरायचा, सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचं आणि विचारायचं, कोण जाईल? हात वर व्हायचे. मग छापील अर्पणपत्रं वाटायची, नाव आणि तारीख लिहून घ्यायची. रात्री घरी आल्यावर मी डायरीत नोंद करायचे. 'हात सतरा.' 'हात नऊ, पाऊस फार.' भरलेली पत्रं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. तो डबा अजून आहे.

भाषणाची सुरुवात मी कोल्हापुरातून करायचे, कारण ती गोष्ट ऐकून मराठी मंडळी ताठ बसायची. रॉबर्ट वाइल्डर. जन्म कोल्हापूरचा, १८६३ सालचा. वडील रॉयल वाइल्डर तिथले अमेरिकन मिशनरी. हा मुलगा अमेरिकेत कॉलेजात गेला आणि १८८६च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं त्यात त्याने आणि सोबत्यांनी विचारलं, परदेशी मिशनरी व्हायला कोण तयार आहे? अडीचशे मुलांतली शंभर तयार झाली. त्यातून विद्यार्थ्यांची जी चळवळ निघाली तिच्यामुळे पुढच्या काही दशकांत वीस हजारांच्या आसपास तरुण जगभर गेले. त्यात डॉक्टर होते, नर्स होत्या. 'आणि हे कोणी सुरू केलं? आपल्या कोल्हापूरच्या पोराने!' टाळ्या.

रॉबर्ट कॉलेजं फिरायचा तेव्हा भारताचा नकाशा टांगायचा आणि पुढे मेट्रोनोम ठेवायचा, गाणं शिकवणारे तालासाठी ठेवतात ते टिकटिकणारं यंत्र. प्रत्येक टिक म्हणजे सुवार्ता न ऐकता मेलेला भारतातला एक माणूस. ती टिकटिक ऐकून उठलेल्यांत सॅम्युअल झ्वेमर होता. तो अरबस्तानात गेला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी उभारलेल्या मिशनने बहरैनमध्ये १९०३ साली दवाखाना उघडला, तो आजही चालतो. बहरैन हे नाव मी असं प्रत्येक भाषणात घेत होते, हे नंतर माझ्या ध्यानात आलं.

माझ्याकडे मेट्रोनोम नव्हता. मी मिस्टरांचं गजराचं घड्याळ माईकजवळ धरायचे. मिनिटभर सभागृहात दुसरा आवाज नाही. पोरी रडायच्या. आता आठवलं की अंगावर काटा येतो, आणि तो भक्तीचा नव्हे. घड्याळ घेऊन मोजायची सवय मला वॉर्डातलीच होती. सलाईनचे थेंब मिनिटाला किती पडतात ते काट्यावर बघून मोजायचे. पण तिथे समोर एक हात असायचा, शीर सापडता सापडत नसलेला, आणि त्या हाताच्या माणसाला लघवी झाली का हे माहीत असायचं. सभेत समोर नकाशा होता.

माझं एक वाक्य फार गाजलं होतं. 'नर्सेस दोन कारणांनी परदेशी जातात. काही प्रभूसाठी, बाकीच्या दिनारसाठी.' हशा हमखास. २०१४ साली इराकमध्ये तिक्रितच्या दवाखान्यात भारतातल्या शेहेचाळीस नर्स अडकल्या, बहुतेक केरळच्या. पगार थकलेला, घरी कर्ज, म्हणून त्यांतल्या कित्येकींना आधी निघताही येईना, असं पेपरांत येत होतं. मी सभेत म्हटलं, बघा, मॅमोनच्या मागे लागलं की काय होतं. मॅमोन म्हणजे आमच्या शास्त्रात धनाचं दैवत. युद्धात अडकलेल्या पोरींबद्दल मी हे बोलले, माईकवरून, आणि कोणी मला थांबवलं नाही.

आता माझी बाजू. सरकारी नोकरीत मी तेहतीस वर्षं काढली, महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन. पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी आली तेव्हा दशांश दिला आणि उरलेल्यातून शिरगावची ही जागा घेतली. पेन्शन चालू आहे. याला मी सेवा म्हणत होते. त्या पोरीच्या आईने गळ्यातलं मोडून फी भरली होती, ती फेडायला पोर चालली तर तो दिनार.

याहून एक आतली गोष्ट आहे. तेविसाव्या वर्षी एका शिबिरात मीही असंच पत्र भरलं होतं, आफ्रिकेत जाईन म्हणून. मग स्थळ आलं. मिस्टर चांगले होते, घर चांगलं होतं, मी गेले नाही. कोणी विचारलंही नाही. पण पुढे जितक्या मुलींना मी हात वर करायला लावलं, त्यातल्या प्रत्येकीला मी माझ्या जागी पाठवत होते. आणि ही माझी बदली पगारावर चालली, म्हणून मला राग आला. हे समजायला मला साठी ओलांडावी लागली.

दुसऱ्या रांगेत बसून त्या पोरीनेही एकदा हात वर केला होता. तिचं पत्र माझ्या डब्यात आहे, निळ्या शाईतलं.

ती २०१७ साली गेली. नाताळाला तिचा मेसेज यायचा, 'सलाम सिस्टर, शुभ नाताळ', आणि मी फुलांचं चित्र पाठवून मोकळी व्हायचे. चार वर्षं हेच.

२०२१च्या जूनमध्ये पहाटे साडेतीनला फोन वाजला. आमच्या वयात त्या वेळी वाजलेला फोन कोणी नीट उचलत नाही. तिचा होता. तिथे रात्रीचा एक. नाईट ड्युटीवर होती, कोविडच्या आयसीयूत. म्हणाली, 'सिस्टर, तुम्ही शिरगावलाच आहात ना? बोईसर किती लांब पडेल तुम्हाला?'

तिच्याकडे एक पेशंट होता, बोईसरचा. फिटर. एमआयडीसीतली कंपनी बंद पडल्यावर बहरैनला गेलेला. व्हेंटिलेटरवर होता आणि काही खरं नव्हतं. कागदावरचा घरचा नंबर लागत नव्हता, पत्ता मात्र पूर्ण होता. ती म्हणाली, 'बायकोला त्याच्याशी बोलू द्यायचंय. माझी ड्युटी सातला संपते.'

मिस्टरांनी स्कूटर काढली. पालघरमार्गे गेलो. एका ठिकाणी पोलिसांनी अडवलं, मी जुनं ओळखपत्र दाखवलं. चाळ शोधायला अर्धा तास गेला. दार उघडलं त्या बाईने मला बघितलं आणि काही विचारायच्या आत भिंतीला टेकून खाली बसली. पहाटे दारात अनोळखी माणसं उभी राहिली की काय ते तिला कळलं होतं. नंबर का लागत नव्हता, तर रिचार्ज संपला होता.

माझ्या फोनवरून व्हिडिओ लावला. पडद्यावर पोर दिसेना, नुसता गॉगल, मास्क, पांढरा झगा. मग तिने फोन त्याच्याकडे फिरवला. बायको काही बोलेचना. मी नर्स आहे, मला ते मौन माहीत होतं, तरी मी चुळबुळ करत होते. माझ्या ओठांवर प्रार्थना आली होती. मोठ्याने म्हणणारच होते. एवढ्यात फोनमधून पोर म्हणाली, 'ताई, तुम्ही सांगा, मी त्यांच्या कानात सांगते. त्यांना ऐकू येत असेल.'

मग ती बाई बोलायला लागली. 'पत्रे बसवून घेतले म्हणून सांगा. गावच्या घराचे. आता गळत नाही म्हणावं.' पोर वाकली, त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, पत्रे बसवले, आता गळत नाही. 'पोरगी दहावी पास होतेय म्हणून सांगा.' तिने सांगितलं. बाई मागून घाईने म्हणाली, 'परीक्षाच झाली नाही ते नका सांगू हां.' त्या साली परीक्षा रद्द झाल्या होत्या. मला हसू आलं, तिला आलं, आणि तिकडे मास्कच्या आत पोरगीही हसली असावी. 'सोसायटीचे दोन हप्ते राहिलेत, ते मी बघते म्हणावं.' तेही गेलं त्याच्या कानात, हप्त्यांसकट.

शेवटी ती म्हणाली, 'त्यांना पंढरीचं फार. इठ्ठलाचं नाव घ्या त्यांच्या कानात.'

मी पोरीकडे बघत होते. म्हणजे त्या गॉगलकडे. मला वाटलं आता ती थांबेल. ती वाकली आणि म्हणाली, 'विठ्ठल, विठ्ठल.' दोनदा नाही, बराच वेळ. हळू आवाजात, आपण बाळाला थोपटताना काहीतरी म्हणत राहतो तसं.

तो दोन दिवसांनी गेला.

मी त्यानंतर आठवडाभर कोणाशी नीट बोलले नाही. मिस्टरांना वाटलं धक्का बसला. धक्का होताच, पण मेलेल्या माणसाचा नाही, मी मरणं पुष्कळ पाहिलीत. मला राहवेना, म्हणून रविवारी तिला फोन केला आणि विचारलं. सरळ नाही विचारलं. म्हटलं, तू ते नाव घेतलंस, तुला काही वाटलं नाही? आम्हा लोकांत हा प्रश्न लहान नाही, हे बाहेरच्यांना कदाचित कळणार नाही. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, 'निरोप त्यांच्या बायकोचा होता, सिस्टर. मी पोचवला.'

मी तिच्या जागी असते तर ते नाव घेतलं असतं का? नसतं. आजही घेईन की नाही सांगता येत नाही. मतं बदलली म्हणून जीभ लगेच वळत नाही. पण त्या खोलीत मी एकटी अशी होते जिच्या मनात त्या माणसाबद्दल काहीतरी अट होती, एवढं मला दिसलं.

अट म्हटल्यावर मला वाइल्डर आठवले. रॉबर्ट नव्हे, बाप. भाषणात मी लेक घ्यायचे आणि बाप गाळायचे. गोपाळराव जोशी कोल्हापुरात नोकरीला असताना त्यांनी बायकोला, आनंदीबाईंना, डॉक्टर करायला अमेरिकेत कोणी मदत करील का म्हणून याच रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिलं होतं. वाइल्डर तेव्हा कोल्हापूर सोडून अमेरिकेत मिशनचं मासिक चालवत होते. त्यांनी पत्र मासिकात छापलं, सोबत आपलं उत्तरही छापलं. त्याचा रोख असा की आधी ख्रिस्ताला स्वीकारा, मग मदतीचं बघू. ते मासिक न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडलं. त्यांनी धर्म न विचारता हात पुढे केला. आनंदीबाई त्यांच्याकडेच राहिल्या, त्यांना मावशी म्हणाल्या आणि मार्च १८८६मध्ये डॉक्टर झाल्या, हिंदूच राहून. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली होती. रुजू व्हायच्या आधीच २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या.

साल बघा. मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि त्याच उन्हाळ्यात माउंट हर्मनला शंभर हात वर झाले. कोल्हापूरला एक डॉक्टरीण मिळत होती, ती बापाच्या अटीत बसली नव्हती. वीस वर्षं मी हे माहीत असून सांगितलं नाही. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, आनंदीबाईंचं चरित्र मिरजेच्या होस्टेलात माझ्या उशाशी होतं.

आणखीही एक गोष्ट मी अशीच डोळे उघडे ठेवून चुकवली. जामखेडला गेले होते. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघेही वेल्लोरला शिकलेले, १९७० साली त्या दुष्काळी मुलखात जाऊन राहिले. मी गेले तोपर्यंत मॅगसेसे पुरस्कार मिळून बरीच वर्षं झाली होती, जगभरचे लोक बघायला यायचे. मी बघितलं काय, तर वर्तुळ करून बसलेल्या खेड्यातल्या बाया, काहींना अक्षरओळख नाही, आणि चर्चा कसली तर जुलाबाची, मीठसाखरेच्या पाण्याची, बाळंतिणीच्या हातापायांवरच्या सुजेची. घरी येऊन डायरीत लिहिलं, 'काम उत्तम, पण पाचारणाचा उल्लेख नाही.' जागतिक आरोग्य संघटना ज्या कामाकडे बघून शिकत होती, त्याला मी शेरा मारून आले. पाचारण तिथे त्या बायांनाच झालं होतं, हात वर न करता.

आता कोणी म्हणेल, सिस्टर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेल्या, आता पगारावर जाणाऱ्या प्रत्येक नर्सला संत ठरवतील. तसं नाही. सगळ्याच काही कोणाच्या कानाशी वाकत नाहीत. काही नुसता पगार घेतात, आणि तोही घामाचाच असतो. माझी खरी टोचणी वेगळी आहे. याच जिल्ह्यात जव्हार-मोखाडा आहे. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं कशी गेली ते ज्यांनी तेव्हा पेपरात वाचलं ते विसरले नसतील. मी नोकरीत असताना त्या बाजूची नर्सची जागा भरली की वर्षाच्या आत रिकामी व्हायची. गरीब मुलखातून नर्स उचलून श्रीमंत मुलखात नेण्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आचारसंहिता केली, ती उगीच नाही. इथून एक पोर बहरैनला गेली की मोखाड्याला एक कमी झाली, हा हिशोब मला पुसता येत नाही. पण मोखाड्याला न गेल्याचा ठपका मी कंत्राटी पगारावर अकरा-अकरा महिने काढणाऱ्या पोरीवर ठेवणार नाही. मी स्वतः बदली मागून पालघरला आले होते, मोखाड्याला नाही.

पाळकसाहेबांशी यावर माझं जमत नाही. त्यांचं म्हणणं, तुम्ही हात वर करायला सांगणं बंद केलंत, त्याने तरुणांमधली आग विझेल. असेल. मी त्यांना पौलाची आठवण करून दिली. करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून तो तंबू शिवायचा, पोटासाठी, आणि त्याच गावात बोलायचा. तंबूचे पैसे घेत होता म्हणून त्याला कोणी प्रेषितांतून काढलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, पौलाला पौलासारखं घ्या, सोयीसारखं नको. त्यांचंही खरं आहे. आम्ही चहा प्यायलो.

सभांना अजून बोलावतात. घड्याळ नेत नाही. मुलींना मी आता कंटाळवाण्या गोष्टी सांगते. आखातासह अठरा देशांत नर्स पाठवण्याचं काम २०१५मध्ये सरकारने खासगी एजंटांकडून काढून सरकारी संस्थांकडे दिलं, तेव्हा टुरिस्ट व्हिसावर चल म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नका. करारात ड्युटीचे तास आणि परतीचं तिकीट लिहिलंय का बघा. औषधाच्या डोसाची गणितं पक्की करा. पेशंटची भाषा चार शब्द तरी शिका. प्रार्थना मनात करा, मोठ्याने करायची तर आधी विचारा. मागच्या बाकावरची पोरं जांभया देतात.

डब्यातलं निळ्या शाईचं पत्र ती सुट्टीवर आली तेव्हा मी तिच्यापुढे ठेवलं. समुद्रावरून चक्कर मारून आलो होतो, पायाला वाळू होती. माफी मागायची म्हणून मी दोन वाक्यं पाठ केली होती, ती काही आली नाहीत. नुसतं म्हटलं, तुझ्या निरोपाला मी आले नव्हते. ती म्हणाली, 'माहितीये. गुडघा दुखत होता ना.' आणि पत्रावरची तारीख वाचून हसली. 'सिस्टर, अक्षर बघा माझं. आता ड्युटी रिपोर्ट लिहून लिहून पार बिघडलं.' पत्र तिने पर्समध्ये टाकलं, की नुसतं रुमालाखाली गेलं, मी पाहिलं नाही.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर एक बाई जवळ आली. मुलगी ओमानला चाललीय, बुधवारचं विमान आहे, मंगळवारी संध्याकाळी घरी प्रार्थना ठेवलीय, याल का म्हणून. बाजूला पोरगी उभी, नवीन बॅगेचं लेबल अजून काढलेलं नाही. मी म्हटलं, येते. मग तिला विचारलं, 'कराराची झेरॉक्स आईकडे ठेवलीस का?'

नव्हती ठेवली. दोघी तशाच स्टेशनकडे गेल्या, झेरॉक्सवाला रविवारी उघडा असतो का बघायला.